स्पीकर मात्र चांगले

१० जानेवारी, शनिवार

रिपोर्ट आला. गाठ साधी नाही.

मिरजेचे डॉक्टर सावकाश बोलत होते, लहान मुलाला समजावतात तसं. ह्यांचं स्वरयंत्र काढावं लागेल. सगळं. श्वासासाठी मानेला भोक पाडतील, ते कायमचं. माणूस वाचेल, आवाज जाईल. पुढं गळ्याला यंत्र लावून बोलता येतं म्हणाले, पण तो आवाज ह्यांचा नसेल. २७ तारीख दिली.

गणपतीपासून घसा बसलेला. मिरवणुकीत ओरडून बसला म्हणालो, मग लग्नसराईत ओरडून बसला म्हणालो. कारणं काय, मागाल तेवढी मिळतात. मांडवामागं जाऊन ओढलेल्या सिगारेटींचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

हे डॉक्टरांपुढं मान हलवत होते. गिऱ्हाईक अल्बमचं कव्हर लालच पाहिजे म्हणतं तेव्हा हलवतात तशी.

येताना पेठ नाक्यावर चहा घेतला. ह्यांनी सिगारेट घेतली नाही. आत्ता!

मला काही वाटत नाहीये. वाटायला हवं होतं, म्हणून लिहून ठेवते.

११ जानेवारी

सकाळी दात घासता घासता हे म्हणाले, नवा कॉम्प्युटर घ्यायचा.

मी म्हटलं, आत्ता?

"आत्ताच. लग्नात ओरडायला लागतं. मुक्या माणसाचं तितं काम न्हाई. आता तू कॅमेरा घेऊन जायचं, मी एडिटिंगला बसणार."

आजवर उलटं होतं. स्टुडिओच्या पाटीवर नाव ह्यांचं, ‘वीरधवल’, शूटिंगही ह्यांचं आणि घरात बसून कापाकापी माझी. कराडात निम्म्या लोकांना वाटतं एडिटिंगही हेच करतात. मी कधी दुरुस्त केलं नाही.

जुनं मशीन फक्त माझं ऐकतं. मध्येच हटून बसतं, मग पाच मिनिटं त्याच्याकडं बघायचंच नाही, की आपोआप चालू लागतं. ह्यांच्याच्यानं ते होणार नाही. हे माउस आपटतील.

सासूबाईंना कळलं तर म्हणाल्या, "घशाचं बगायचं सोडून मिशिन कसलं आनताय? लय बोलतो म्हनून दिष्ट लागली माझ्या पोराला." आणि मिरच्या ओवाळून टाकल्या. घरभर ठसका. ह्यांना सगळ्यात जास्त.

१२ जानेवारी

विश्वजीतला फोन केला. आयटीआयपासूनचा ह्यांचा मित्र, सांगलीत कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याला आजाराचं सांगितलं. मग एकदम प्रोसेसरचंच सुरू केलं त्यानं. बरं वाटलं मला. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी कामाचं बोललं.

म्हणाला, वहिनी, आय-फाइव्ह घ्या, पण नावाच्या शेवटी एफ असलेला नको. तो स्वस्त पडतो खरा, पण त्याच्या आत ग्राफिक्स नसतं. कॅमेऱ्याचा व्हिडिओ उलगडायला तेच आतलं ग्राफिक्स कामाला येतं. ते असलं की वेगळं कार्ड सध्या नसलं तरी भागेल. रॅमचे भाव मात्र आभाळाला टेकलेत. सोळाची एकच पट्टी बसवू, शेजारची जागा मोकळी ठेवू. पुढं दिवस बरे आले की भरता येईल.

बजेट म्हणजे शूटिंगचा ड्रोन विकून जे आलं ते. त्याच्या वर जायचं नाही असं ठरलं.

पूर्ण लग्नाचा व्हिडिओ तयार होऊन बाहेर पडायला जुन्या मशीनवर सकाळची दुपार होते. एक्स्पोर्टला लावून मी स्वयंपाकघरात जाते आणि हे पेपर घेऊन शेजारी राखण बसतात. संपलं की हाक — "झालं गं! चहा टाक." एक्स्पोर्ट मी करायचा आणि चहाही मीच टाकायचा. सात वर्षं हेच.

प्रोसेसरचं नाव पाठ झालं. औषधांची होत नाहीत.

१४ जानेवारी, संक्रांत

दिवसभर माणसं. तिळगूळ घ्या, गोड बोला. प्रत्येक जण ह्यांच्या हातावर वडी ठेवतो, बोलून जातो आणि मग त्याच्या लक्षात येतं.

हे सगळ्यांना सांगत होते, "बोलतो की. सत्तावीसपर्यंत लय गोड बोलतो."

हसले सगळे. मीही.

१५ जानेवारी

फलटणहून नानासोंचा फोन. त्यांच्या मुलीचं लग्न डिसेंबरच्या सुरुवातीला झालं, आम्ही शूट केलं, व्हिडिओ अजून दिलेला नाही. जावई फौजेत. फेब्रुवारीअखेर येऊन मुलीला बरोबर घेऊन जाणार. त्याआधी पेन ड्राइव्ह हातात पाहिजे. "पोरगी लांब चाललीया, तेवढं बगत बसंल," म्हणाले. मी मशीन बिघडलंय म्हणाले. खोटं नाही.

१६ जानेवारी

नानासोंचं फुटेज लावलं. नेहमीचं पहिलं काम: आवाज म्यूट करायचा आणि खाली सनई टाकायची. कारण मूळ आवाजात निम्मा वेळ हेच बोलत असतात. "मामी, पदर सावरा." "नवरदेव, जरा हसा, फाशी न्हाई दिली." "लाईटवाले, कुटं बगतोय गड्या?" गिऱ्हाइकाला ते नको असतं.

म्यूटच्या बटणावर बोट गेलं आणि थांबलं.

सात वर्षं मी हे करते आहे. प्रत्येक लग्नातून पहिल्यांदा ह्यांचा आवाज काढते. व्हिडिओ दिला की मूळ फुटेजही उडवते, कारण डिस्कमध्ये जागा नसते. म्हणजे चांगला, खणखणीत आवाज कुठंच उरलेला नाही. माझ्याच हातानं गेला.

मोबाईल शोधला. घरच्या व्हिडिओंत भाचरं आहेत, सासूबाई आहेत, मी आहे. हे कायम कॅमेऱ्यामागं. व्हॉट्सॲपवर तर नुसता अंगठा.

उरलं हे एक लग्न, तेही बसलेल्या घशाचं. पूर्ण ऐकलं. मामींशी बोलतात, भटजींशी बोलतात, बँडवाल्याशी भांडतात. माझ्याशी बोललेलं एक वाक्य नाही त्यात. कसं असेल? मी घरी होते.

विश्वजीतला मेसेज केला: डिस्क मोठी टाक. तो म्हणाला, वहिनी, मग त्याच पैशात वेगवान एसएसडी लहान घ्यावी लागेल. म्हटलं, घे. आता मी काहीही उडवणार नाहीये.

१८ जानेवारी

कॉलरचा माइक काढला, ह्यांच्या शर्टाला लावला. म्हटलं, बोला.

काय बोलू, म्हणाले.

काहीही. माझ्याशी बोला.

हे माइककडं बघत बसले. मग हळूच काढून डबीत ठेवला. "नको गं. मेल्यावर लावायला केल्यासारखं वाटतंय."

मी पुन्हा म्हटलं नाही. राग आला. लोकांना चार तास हसवतात आणि बायकोसाठी एक वाक्य निघत नाही! मग रागही गेला. भात गिचका झाला होता, तो तसाच खाल्ला.

२० जानेवारी

आज भांडलो. स्पीकरवरून!

हे सगळीकडं काटकसर करतात. काचेचं चमकणारं कॅबिनेट नको, पत्र्याचं चालेल. मॉनिटर जुनाच. की-बोर्ड जुनाच, त्याचं एक अक्षर दाबलं की दोनदा उमटतं तरी. आणि स्पीकर मात्र चांगले पाहिजेत म्हणे! चांगले म्हणजे दोन्ही बाजूंना ठेवायचे, लाकडी खोक्याचे. मी म्हटलं, हेडफोन आहे की चांगला, एडिटिंगला तोच लागतो. त्या पैशात डिस्क आणखी मोठी येईल.

"नको. स्पीकरच. स्वयंपाकघरापर्यंत आलं पाहिजे."

स्वयंपाकघरात कशाला सनई, म्हटलं. तर हे घसा दुखतोय म्हणून पाणी पीत राहिले. हे एक नवीन निघालंय. नको असलेला विषय आला की घसा दुखतो.

मग मीच सोडलं. म्हटलं, स्वतःला बोलता येणार नाही, तर घरात कसला तरी मोठा आवाज हवा असेल माणसाला.

२३ जानेवारी

हे एकटेच सांगलीला जाऊन मशीन घेऊन आले. सकाळी गेलेले, अंधार पडता पडता परत. एवढा वेळ काय करत होता विचारलं, तर म्हणाले, विश्वजीत विंडोज टाकत होता. विंडोजला दिवस लागतो? फोनवर विश्वजीतही तेच म्हणाला आणि वर, "वहिनी, स्पीकरचा आवाज बारीक करून ठेवू नका हां." दोघांना स्पीकरचंच वेड लागलंय.

सासूबाईंनी कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, वरून अक्षता टाकल्या. वरच्या जाळीतून चार दाणे आत, पंख्यावर! हे ब्रशनं काढत बसले आणि सासूबाई, "ऱ्हाऊ दे की, द्येवाचं हाय." शेवटी एक दाणा सापडलाच नाही.

चालू करून बघितलं. चटकन उठलं. बंद केलं आणि वर जुनी साडी टाकली. मिरजेहून आल्यावर बघू.

२६ जानेवारी

उद्या. आजच दाखल करून घेतलं. समोरच्या शाळेत पोरांची गाणी चालली होती.

हे दिवसभर फार बोलले नाहीत. मला वाटलं होतं, शेवटचा दिवस म्हणून बोलतील. विजेचं बिल भर म्हणाले. मग, तुझा लेन्स साफ करायचा हात जड आहे, जपून करत जा म्हणाले. सासूबाईंना फोन लावून जेवलीस का विचारलं. त्या म्हणाल्या व्हय. त्या जेवल्या नव्हत्या, मला माहीत आहे.

नर्सनं झोपायला सांगितलं तेव्हा, "जा गं आता," एवढंच.

२७ जानेवारी

झालं. डॉक्टर म्हणाले, नीट झालं.

ह्यांनी डोळे उघडले, ओठ हलले. काय म्हणाले ते कळलं नाही.

२ फेब्रुवारी

नाकात नळी, मानेत नळी. हे मोबाईलवर टाइप करून दाखवतात. आजचं: "नानासोंना काय सांगितलंस?" माणसाला काय काय सुचतं.

मी दिवसभर बाकावर बसते. समोरून माणसं जातात. कुणाचं काय झालं विचारावंसंही वाटत नाही. आज एका बाईनं मला केळं दिलं, ते हातात धरून तशीच बसले.

१० फेब्रुवारी

घरी आलो. सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या. ओवाळला, टाकला आणि नेहमीसारखं विचारलं, "बरा हाईस का रं?" हे हसले. हसण्याचाही आवाज नाही. त्या आत निघून गेल्या.

आवाज नसलेल्या माणसाचं घर मोठं वाटतं. मागून येऊन उभे राहतात आणि मी दचकते. मग ह्यांनीच ठरवलं, दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक करायचं.

१३ फेब्रुवारी

शिकवणी सुरू. हे मशीनपुढं, मी शेजारी. मशीनवरची साडी काढली, धूळ पुसली.

पहिला धडा काय द्यायचा तर म्यूट! माझ्यानं सांगवेना. ह्यांनीच टाइप केलं: "माझी बडबड आधी काढायची ना?" आणि काढली. पटापट, माझ्यापेक्षा सफाईनं. मामी गेल्या, बँडवाला गेला. मूळ फुटेज मोठ्या डिस्कवर ठेवलंय मी, पण त्यात माझं काही नाही.

उद्यापासून कॅमेऱ्याचा सराव करायचाय मला. मार्चमध्ये मलकापुरात लग्न आहे. "मामी, पदर सावरा" असं मला ओरडता येईल का? मी आयुष्यात कुणावर ओरडलेले नाही.

१७ फेब्रुवारी

स्वयंपाक, ड्रेसिंग, नळी साफ. काही लिहिण्यासारखं नाही. स्पीकर नुसतेच बसून आहेत, हे हेडफोनवर काम करतात. म्हटलंच होतं मी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नानासोंचा व्हिडिओ पुरा झाला. नव्या मशीनवरचा पहिला एक्स्पोर्ट. ह्यांनी हेडफोन काढून ठेवला, बटण दाबलं, मला हातानंच आत जा म्हणाले. मी भाकरी थापत होते. टकटक होईल म्हणून कान चौकटीकडं.

"झालं गं! चहा टाक."

फाटका, घोगरा. ह्यांचाच.

पिठाचे हात घेऊन धावले. हे खुर्चीत, मानेवर रुमाल, तोंड मिटलेलं, बोट स्पीकरकडं. मोबाईलवर आधीच टाइप करून ठेवलेलं: "विश्वजीतच्या दुकानात रेकॉर्ड केलं. कधी पण एक्स्पोर्ट संपला की वाजणार."

मागच्या दारातून सासूबाई आल्या. "वीर बोलला का गं?"

मी खाली फरशीवर बसून रडले. सव्वा महिन्यात पहिल्यांदा. भाकरी करपल्याचा वास आला तरी उठले नाही.

मग चहा टाकला. चहा झाल्यावर लग्नातला अगदी छोटासा, लगेच संपेल असा तुकडा निवडला, आणि पुन्हा एक्स्पोर्टला लावला.