सतरा अंगठे

इंदापूर,
आश्विन वद्य चतुर्थी, सन १९३६

प्रिय रतन,

हे पत्र टपालात न टाकता झुंबरच्या हाती देतो आहे. तो भाजी घेऊन बारामतीला येतो, भर दुपारी तुझ्या हातात देईल. त्या वेळी दाजी घरी नसतात हे मला माहीत आहे. तुला चौथीपर्यंत शाळेत धाडलं म्हणून भावकीनं आबांना केवढी नावं ठेवली होती! आज मला त्याचाच आधार वाटतो, कारण हे पत्र तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. भाकरी करपली तर करपू दे, पण शेवटापर्यंत वाच.

गेले नऊ दिवस मी जे पाहतो आहे ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही. तुझी वहिनी म्हणते की मी जेवताना हात थांबवून भिंतीकडे बघत बसतो. चौदा वर्षं कचेरीत कारकुनी केली. माणसं साहेबापुढे वाकताना, रडताना, खोटं बोलताना खूप पाहिली. पण इतकी माणसं इतकी गप्प बसलेली आणि त्यांच्यापुढे अख्खी कचेरी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती.

गेणूचं प्रकरण तुला ठाऊकच आहे. दाजी तेव्हा कळंबला कालव्याचे इन्स्पेक्टर होते आणि तुम्ही पाटाकाठच्या क्वार्टरात राहत होता. पाटाच्या शेवटाला असलेल्या वाडीची पाण्याची पाळी असली की तिच्याकडे जाणाऱ्या चारीचं दार बंद व्हायचं आणि पाणी वरच्या बागाईतदाराच्या उसाला जायचं. त्याच्या गुळाच्या ढेपा तुमच्याकडे येत. मीही त्यातला गूळ खाल्ला आहे, आणि चांगला गूळ म्हणून तुझ्यापाशी वाखाणलाही आहे. चैत्रात वाडीची वांगी उभी वाळली तेव्हा गेणू एकटाच जाऊन त्या दारावर बसला आणि उठेना. तिन्हीसांजेला तो पाटात मेलेला सापडला. पाय घसरून पडला असा पंचनामा झाला, आणि आम्ही समक्ष पाहिलं म्हणून वाडीतल्या सतरा जणांचे अंगठे त्यावर उठले. दोन महिन्यांत दाजींना बढती मिळून बारामतीला बदली झाली. पेढे मी स्वतः वाटले.

नऊ दिवसांपूर्वी ती सतरा माणसं सात कोस चालत इथे आली. पुढे गेणूची बायको सारजा होती. वाडीच्या मास्तरांनी पंचनाम्याची नक्कल मिळवून वाचून दाखवली तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण काय लिहून दिलं आहे. पाणी पाळीप्रमाणे मिळावं म्हणून हा अर्ज आहे असं सांगून त्यांचे अंगठे घेतले होते. आता प्रत्येकाच्या डाव्या अंगठ्याला धडप्याची चिंधी गुंडाळलेली होती. त्यांना नुकसानीची भरपाई नको होती, कुणाला फासावर चढवायचीही मागणी नव्हती. अंगठे परत हवे होते, बस्स.

आम्ही पोट धरून हसलो, रतन. खोटं कशाला लिहू? अंगठा म्हणजे का उसना नेलेला पाटा-वरवंटा? आमच्या हेडक्लार्कांनी त्यांना समजावलं की तसा काही कायदा नाही, हवं तर नवा अर्ज करा, त्यावर पुन्हा अंगठा द्या. ते म्हणाले, पहिला उठवलेला सुटल्याशिवाय दुसरा उठायचा नाही. हेडक्लार्कांना थट्टा सुचली. कात्री दाखवून ते म्हणाले, मग कागदातून कापून देऊ का? सारजानं पदर पसरला.

“द्या कापून. पदराला बांधून न्हेते. खोट्यावर बसल्याला अंगटा हाय त्यो, हितं ठिवून मला झोप न्हाय.”

तिनं हे भांडायला म्हणून म्हटलं नव्हतं. शेजारणीकडे विसरलेली वाटी मागावी तशी मागत होती. हेडक्लार्कांनी कात्री खणात ठेवली आणि त्या दिवशी पुन्हा कुणी हसलं नाही.

ती माणसं कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसली. बरोबर भाकऱ्या होत्या, त्या संपल्यावर गावातल्या बायकांनी आणून दिल्या. बाजाराच्या दिवशी पळसदेवची, बावड्याची माणसं आली, त्यांनी उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं आणि जाताना धोतराचा काठ फाडून आपापल्या अंगठ्याला बांधला. मग कळू लागलं काय होतंय ते. समन्स घेऊन शिपाई गेला की माणूस चिंधी दाखवायचा. खरेदीखताला साक्षीदार मिळेनात. पाण्याच्या मागणीच्या अर्जावर अंगठा नाही, कसल्या पावतीवर नाही. कुणी दगड उचलला नाही, कुणी घोषणा दिली नाही. जमादार आला आणि यांचा पुढारी कोण म्हणून ओरडला, तर लिंबाखालच्या सगळ्यांनी नुसते अंगठे वर केले. तोवर ती सातआठशे माणसं झाली होती. मी खिडकीत उभा होतो. आपलं सगळं राज्य या एवढ्याशा बोटावर उभं आहे हे मला चौदा वर्षांत सुचलं नव्हतं, आणि ज्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नाही त्यांनी ते कसं ओळखलं? माझ्या टेबलावरची शाईची गादी सुकून खडखडीत झाली होती. रोजच्या सवयीनं मी तिच्यावर पाणी शिंपडायचो आणि मग बोटं पुसत बसायचो.

आता मी जे लांबवतो आहे ते लिहितो. अंगठे उठले त्या दिवशी कागद वाचून दाखवणारा मी होतो. दाजी त्याच सकाळी माझ्याकडे आले, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गेणू आपण होऊन पडला, पण लोक आळ घेतील, असं ते म्हणाले. शेवटी म्हणाले, रतनकडे बघून एवढं करा. मग मी पंचनामा लिहिला, वळणदार अक्षरात लिहिला, आणि वाडीच्या चावडीवर तोच कागद हातात धरून त्यात नसलेला पाण्याचा अर्ज मोठ्यानं वाचला. एकदाही अडखळलो नाही. मग एकेकाचं बोट स्वतःच्या हातानं गादीवर दाबलं. सारजाचंही. नवरा जाऊन तिसरा दिवस होता, आणि पाणी तरी मिळेल म्हणून ती रांगेत उभी राहिली होती.

काल प्रांतसाहेब आले. त्यांनी खुर्ची लिंबाखाली मांडायला लावली आणि हा कागद तुम्हाला कुणी वाचून दाखवला म्हणून विचारलं. मी त्यांच्या मागेच दौत घेऊन उभा होतो. सतरा जणांनी मला ओळखलं होतं; नऊ दिवस रोज माझ्यासमोरूनच ती विहिरीवर पाण्याला जात होती. तरी कुणी बोट दाखवेना. सारजानं माझ्याकडे एकदा पाहिलं.

“ठावं हाय, सायेब. पर मी न्हाय सांगनार. त्येनं सवता सांगावं. मी बोट धरून बोलाया लावलं, तर त्येचं बोलनं बी आमच्या अंगट्यावानीच व्हईल.”

रतन, तिनं मनात आणलं असतं तर एका शब्दात मला संपवलं असतं. तिनं मला जागा करून दिली. मी दौत खाली ठेवली, पुढे गेलो आणि सगळं सांगितलं. माझी नोकरी आजपासून बंद झाली आहे, पुढे खटलाही होईल. पण काल रात्री मी गाढ झोपलो हेही तुला सांगतो. साहेबांनी पंचनाम्यावर तांबड्या शाईनं रद्द असं लिहिलं आणि तो कागद एकेकाच्या हाती दिला. ज्यानं त्यानं त्यावरचा आपला अंगठा शोधला आणि चिंधी सोडली. म्हातारी द्वारकाबाई तर त्या ठशावर किती तरी वेळ बोट फिरवत होती. सारजानं मात्र चिंधी सोडली नाही. ती म्हणाली, अंगठा मिळाला, माणूस कसा गेला ते राहिलं. साहेबांनी विचारलं, कुणी पाहिलं होतं का? कुणीच पाहिलं नव्हतं. गेणू तिथे एकटा होता. मलाही विचारलं, आणखी कुणाला काही ठाऊक आहे का. मी गप्प राहिलो.

ते गप्प राहणं भीतीचं नव्हतं, म्हणून हे पत्र. गेणूच्या तेराव्यानंतर मी कळंबला आलो होतो, तेव्हा मागच्या दारी धुणं वाळत घालता घालता तू मला सांगितलंस की तू तिथूनच पाहिलं होतंस. दाजींनी चारीचं दार उचलायची हातभर लोखंडी चावी गेणूच्या डोक्यात घातली आणि तो पाटात गेला. आणि मी तुझा थोरला भाऊ असून तुला म्हणालो, कुणापाशी बोलू नकोस, संसार सांभाळ. तुझं नाव मी साहेबांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते माझं काम नाही, हे मला त्या बाईनं शिकवलं. साहेब सोमवारपर्यंत इथे आहेत. तू आलीस तर माझं घर तुझं आहे, नाही आलीस तरी तुझंच आहे. पण कुणापाशी बोलू नकोस हे जे मी तुला सांगितलं होतं, रतन, ते मी आज परत घेतो.

तुझाच,
महिपतीदादा