गिरजेच्या डोक्यावरची चाई

शके १७८६, कार्तिक वद्य ३. अमरावती.
सकाळपासून दारावरून कापसाच्या गाड्या. धुळीने घसा बसला. त्यात मारोती माळी लेकीला घेऊन आला. गिरजा, तेल्हाऱ्यास दिलेली. डोक्यावर दोन चाया, केस गळून पडलेले चट्टे. एक टाळूवर, रुपयाएवढी, साफ गुळगुळीत. दुसरी कानामागे, तेवढीच. सासूने महारोग ठरवून माहेरी धाडली. डोळे मिटायला लावून चाईवर पीस फिरवले. जिथे टेकवले तिथे "लागलं" म्हणाली. महारोगात कातडीला कळत नाही, हिला सगळे कळते. बापाला सांगितले, चाई आहे, दुसरे काही नाही. त्याला तेवढ्याने समाधान नाही.
"मंग केस आनून द्या, महाराज. कापसानं जावयाच्या घरी पैसा खेळून राह्यला. फागनात दुसरी सून आनतो म्हन्ते तिची सासू."
पोरगी खाली बघत होती.

का. व. ५
वडिलांचा गुंजेचा लेप उगाळला. वडील म्हणत, याने केस हमखास येतात. मीही तेच म्हणत आलो. पण लेप लावलाच नाही तर काय होते, हे बघितले कोणी? वडिलांनी नाही, मी नाही. तेव्हा टाळूवर लेप, कानामागची चाई कोरी ठेवायची. ती केसांखाली झाकली जाते. गिरजेला विचारले. "ठेवा. तिकडं कोन पाह्यते?"
घरात कळले तेव्हा कुटुंबाचा पट्टा सुरू. "पोरीच्या डोक्यावर वावर करून राह्यले काय? अर्धं खताचं, अर्धं बिनखताचं?"
तसेच करतो आहे.

मार्गशीर्ष शु. ११
काही नाही. टाळू लाल झाली तेवढीच. चिडचिड. गिरजेवर नाही, गुंजेवर.

मार्ग. व. ७
टाळूवर लव! मारोतीच्या डोळ्यांना धार. पिशवीभर वांगी ओतून गेला. तो गेल्यावर कानामागे बघितले.
तिथेही लव. तितकीच.
म्हणजे लेपाने काय केले? वडिलांनी जन्मभर दिला, मी देतो आहे, लोक पाया पडतात. जेवण गेले नाही. केस आले याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण अर्धाच.

पौष शु. ४
लव वाढते आहे, पण पांढरी. दोन्हीकडे. काळा केस एक नाही. कातडीचा रंग मात्र जसाच्या तसा.
नेमकी आज तेल्हाऱ्याहून सासू आली, सोबत नवरा, किसन. तिने सुनेचा पदर ओढून डोके बघितले. "आंधी महारोग, आता कोड! काय पोरगी गळ्यात बांधली हो!" मी कातडी दाखवली, कोड नाही म्हणून सांगितले. ऐकेना. "मंग हे केस काळे होतीन काय? देवाची आन घेऊन सांगा."
एक 'हो' म्हणायचे होते. जीभ रेटली नाही. मला माहीत नाही म्हटले.
"मंग कायचे वैद्य तुमी?"
तेवढ्यात किसन म्हणाला, "आये, दुसरी केली अन् तिले बी चाई पडली तं? तिसरी आनशीन काय?"
म्हातारीने त्याला चांगलेच झापले. गिरजेला न घेताच गेले.
कुटुंब: "एक हो म्हटलं असतं तं काय जिभेले काटे आले असते?"

पौष व. २. अकोला.
पांढऱ्या केसांचे विचारायला मुद्दाम इथल्या हकिमांकडे आलो. वृद्ध, मोठा अनुभव. चहूकडे कापसाचेच बोलणे, यांनी मात्र शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "सफेद बाल हमने भी देखे. आगे का अल्ला जाने. मरीज लौटके आता किधर है?"
खरे आहे. केस आले की रोगी गेला. पुढे काळे झाले की नाही, कोणी बघितलेच नाही. दोघेही हसलो. मुक्कामावर परतताना हसू आले नाही.

माघ शु. ९. अमरावती.
गिरजा सकाळी डोके दाखवायला आली होती. केस बोटाच्या पेरभर, पांढरेच. मुळाशी एखाददुसरा करडा वाटतो. माझीच नजर असेल, म्हणून तिला बोललो नाही.
एवढ्यात किसन आला. एकटाच, गाडी घेऊन. "काळे होतीन काय, महाराज?" अजून माहीत नाही म्हटले. "मंग आईले काय सांगू?" म्हटले, तुला दिसते ते सांग.
गिरजा ओट्यावर आली. डोक्यावर पदर नाही, माझ्यासमोर आणि रस्त्यावरच्या लोकांसमोर. कुटुंब पदर घे म्हणून खुणावत होती, तिने लक्ष दिले नाही. किसनने तिचे केस नीट बघितले. मग म्हणाला, "चाल, बस गाडीत."
"पैले सांगा, सवत आनसान काय?"
तो बैलाच्या मानेवरचे जू सारखे करत राहिला. ते आधीच सारखे होते. ती ओट्यावरून उतरली नाही. 
आत येऊन हे लिहितो आहे. जुंपलेली गाडी अजून दारातच उभी आहे.