दोन बाशिंगं

चि. हरिओम,

हे तुला धाडायचं न्हाई, पण कुठंतरी बोलावं लागतंच.

पुण्यात तू आन् शंतनु एकमेकांना हार घालणार, तेव्हा बाशिंगं मी पालमहून आणीन म्हणाले होते. अप्पांच्याच दुकानात गेले. तुझ्या दाजींचं बाशिंग त्यांनीच केलं होतं.

दोन नवरदेवांची मागितली. कागदात गुंडाळता गुंडाळता अप्पांनी विचारलं, "सख्खे भाऊ का? एकाच मांडवात?"

मी हो म्हणाले असते तर अप्पांनी मुकाट दिली असती. पण शंतनुला तुझा भाऊ म्हणायला जीभ वळली न्हाई. खरं सांगून टाकलं.

अप्पांनी कागद सोडला, बाशिंगं परत खिळ्याला अडकवली. "पोरी, राग धरू नको. आमच्या धर्मात हे बसत न्हाई."

अप्पा वरडले असते तर लय बरं झालं असतं. मला शिव्या तरी देता आल्या असत्या. आन् मी भांडले असते तर संध्याकाळपर्यंत बाबांच्या कानावर गेलं असतं. नंतर एका वकीलबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, यासाठी दुकानदाराला धरावं असा कायदाच न्हाई.

तुला फोनवर सांगितलं, बाशिंगं संपली होती.

"ऐन लग्नसराईत अप्पांकडं न्हाईत, ताई?" तू एवढंच विचारलंस.

तुझी करवली,
राजेश्री