भिंतीकडची झीज

रविवार, ३ ऑगस्ट
जुन्या दगडी जिन्यांचं एक कोडं कुणाच्याही नजरेस आलं असेल: पायऱ्या मधोमध झिजत नाहीत, एकाच बाजूला झिजतात. आजच्या टेहळणी बुरुजावर नेमकं तेच. एका अंगाला भिंत, दुसरं अंग उघडं, आणि सगळे खळगे भिंतीकडे. असं का?
उतरताना मध्येच थांबून हिला तीन शक्यता क्रमवार समजावल्या: पावसाचं पाणी, दगडाचा पोत, पहारेकऱ्यांचे भाले. ही मागून येत होती. मी सांगू का, असं तिने विचारलं. शंका आणि सूचना शेवटी, या आपल्या नियमाची तिला आठवण करून दिली. तिचा तळहात चुन्याने पांढरा झाला होता. हेरिटेज वास्तूला हात लावू नये, हेही सांगितलं. उत्साहाच्या भरात ती विसरते.
मग मी मापं घ्यायला थांबलो, ही खाली गेली. मी उतरलो तर गाडी नाही. गाडी हीच चालवते, कारण स्टिअरिंग हाती असलं की मला नीट समजावून सांगता येत नाही. पेट्रोल भरायला गेली असणार. शेवटच्या बसने घरी आलो. पंपावर रांग फारच मोठी असावी.

सोमवार, ४ ऑगस्ट
ही बहिणीकडे आहे. कन्येने फोन करून कळवलं. किती दिवस, असं विचारलं तर म्हणाली, बाबा, दिवस मोजायचे नाहीयेत. म्हणजे सविस्तर विश्रांती. दर रविवारी ड्रायव्हिंग, थकवा येणारच.
संकल्प: तोवर पुढच्या सहलीचा आराखडा तयार ठेवणे. जुना जकात नाका, दगडी पूल, मिठाचं कोठार. कोठार तिच्या विशेष आवडीचं. मागच्या खेपेस ती गाडीतच बसून राहिली होती, पण काच खाली करून.

शनिवार, ९ ऑगस्ट
आराखडा कुरिअरने रवाना. नकाशा, टिपणं, शेवटी प्रश्नावली.

बुधवार, १३ ऑगस्ट
उत्तर नाही. बारकाईने वाचत असेल.
संध्याकाळी मेहुणीचा फोन. ताईला जिने बंद आहेत म्हणे, डॉक्टरांनी मार्चमध्येच बजावलं होतं. भावोजी, बुरुजाचं वय तेवढं तुम्हाला तोंडपाठ, ताईच्या गुडघ्यांची मात्र खबर नाही, असं वर ऐकवलं. खबर आहे, असं मी ठणकावून सांगितलं.
खबर नव्हती. ही सांगत असेल तेव्हा माझा एखादा मुद्दा पूर्ण व्हायचा राहिला असेल.
सुधारित संकल्प: जिने वगळणे. पूल सपाट आहे.

रविवार, १७ ऑगस्ट
शुभलक्षण! कन्या गाडी सोडून गेली. गाडी आली, आता मागोमाग मालकीण. आईला गाडी नकोय, असं काहीतरी कन्या म्हणत होती. मी तिला पुलाच्या कमानींचं तत्त्व सांगायला घेतलं. बाबा, पुरे ना, म्हणाली आणि उठली. डोळे लाल होते तिचे. रस्त्यावर धूळ फार.
ड्रायव्हर सीटवरची हिची पाठीची उशी दिसत नाही. धुवायला काढली असावी.

रविवार, २४ ऑगस्ट
बसने एकटाच बुरुजावर. टेप, पट्टी, वही. पाणी बाद, कारण पायऱ्यांचा उतार उघड्या बाजूला आहे. दगड सगळीकडे एकच. भाल्यांचा तर्क मुळातच पोरकट.
उतरायला लागलो. वरून खोली दिसली आणि हात आपोआप भिंतीला टेकला. हात गेला तिकडे पाय गेला, तो थेट खळग्यात. सुटलं! चढताना माणूस कुठूनही चढतो, पण उतरताना आधार शोधतो. शेकडो वर्षं सगळे भिंतीला धरून उतरले.
हिला सांगायला मागे वळलो.
मग तळहात पाहिला. पांढरा झाला होता.
खालून फोन लावला. तिने उचलला. उत्तर सापडलं, म्हणालो. बरं झालं, म्हणाली. तू तेव्हा हेच सांगणार होतीस का, असं विचारलं. आता आठवत नाही, म्हणाली. मग, ठेवते, म्हणाली.

रविवार, ३१ ऑगस्ट
सिद्धान्त कुणालाही पडताळून पाहता येईल. साहित्य: कोणताही जिना. कृती: उतरताना मध्येच बोलणं थांबवावं, मागे वळावं, आणि सोबतच्या माणसाचा हात कुठे आहे ते बघावं. भिंतीवर असेल, तर आपला पुढे करावा.
आज आपल्या बिल्डिंगच्या जिन्यावर करून पाहिला. प्रयोगाला दोन माणसं लागतात.