भावाच्या हातची जवारी

सेलू,
५ डिसेंबर २०२४

चि. सौ. मंजुषा हिस,
अ. उ. आ. हा आशीर्वाद रीत आहे म्हणून लिहिला, मनातून नाही. माझा नंबर ब्लॉक केलास, तेव्हा आता कागदावर ऐक.

माझ्या पाठच्या भावाच्या फुप्फुसात बुरशी शिरली, हे मला व्यंकटकाकांकडून कळावं? आठ महिन्यांपूर्वी माझी किडनी काढून भागवतला बसवली. शरीरानं ती झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत. धूळ नको, ओल नको, बुरसलेलं धान्य तर अजिबात नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काका म्हणाले, दिवाळीत तो तोंडाला फडकंही न बांधता जवारीची कोठी उपसत होता. तू काय करत होतीस? नवऱ्यापेक्षा जवारीची फिकीर जास्त का तुला?

उलटटपाली कळव. लोभ होता तेवढा पुरे झाला.
उत्तरा

छत्रपती संभाजीनगर,
९ डिसेंबर

ती. उत्तराताईंस,
शि. सा. न. वि. वि.

शेजारच्या सविताबाईंनी तुमचं पत्र बोरीहून दवाखान्यात आणून दिलं.

कोठी कुणासाठी उपसली, ते काकांनी सांगितलं नसेल. भाऊबीजेला बहिणीची जवारी भावानंच मापायची, ही तुमच्या माहेरची रीत. यंदा पोतं गड्याकडून भरून घेते म्हटलं, तर गड्याच्या हातची आली तर परत पाठवीन, असं फोनवर कोण म्हणालं? परतीच्या पावसानं तळची जवारी बुरसली होती. ताईला चांगलीच द्यायची म्हणून मी शेतात गेल्यावर ह्यांनी सगळी पाखडली. डॉक्टरांनी बजावलं तेव्हा तुम्हीही तिथंच बसला होतात. तुमचा आवाज सोसेना, म्हणून नंबर बंद केला.

आता कामाचं. बुरशीवरची औषधं पुरी पडत नाहीत. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबवली तर हे जगतील, पण किडनी बहुतेक जाईल, पुन्हा डायलिसिस. मी हो म्हटलं. हे ऐकत नाहीत. ताईनं पोट कापून दिलेलं हाय, मी ते घालवायचा न्हाई, म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. डॉक्टर उद्यापर्यंतच थांबतील. आत फोन नेऊ देत नाहीत, मी आणि चिठ्ठी एवढंच जातं. ह्यांना तुमच्या अक्षरातलंच पटेल. सविताबाई हे घेऊन येतायत, त्यांच्याच हाती उत्तर द्या. मला शिव्या नंतर द्या.

तुमची,
मंजुषा

सेलू,
९ डिसेंबर, संध्याकाळ

चि. भागवत यास,
अ. उ. आ.

किडनी तुला दिली तेव्हाच ती माझी राहिली नाही. जात असेल तर जाऊ दे. एकीवर माझं बरं चाललंय. दुसरी तू बाळगलीस तेवढी पुरे. मला भाऊ पाहिजे. औषधं थांबव, डॉक्टर म्हणतील तिथं सही कर. डायलिसिसला मी घेऊन जाईन, भिंतीकडे तोंड फिरवून मला छळू नकोस.

मंजुषा, हे तूच वाचून दाखवणार, ठाऊक आहे. तू मला अजूनही आवडत नाहीस. तरी पुढचं त्याला ऐकू जाईल असं, मोठ्यानं वाच.

जवारी मी मागितली. चूक माझी आहे, मंजुषाची नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी असू द्यावा.
उत्तरा