कोणासमोर हात जोडले

प्रिय मुग्धा,

फोनवर बोलायला गेलो की मी हवापाण्यावरच घसरतो, म्हणून कागद घेतला. रविवारच्या मॅचमधला माझा गोल तू टीव्हीवर पाहिलाच असशील. चार वर्षांतला पहिला! माझ्यासारख्या बचावपटूला गोल म्हणजे दिवाळीच. पोरं अंगावर झेपावली आणि मी मात्र समोरच्या क्लबच्या प्रेक्षकांकडे वळून हात जोडून उभा. आमच्यात रीतच आहे, आपल्या जुन्या क्लबवर गोल केला तर नाचायचं नाही, खाल्ल्या मिठाला जागायचं. संध्याकाळी आमचा गोलकीपर मोहित हसून हसून लोळला. शिलाँगचा तो क्लब माझा कधी नव्हताच! मी खेळलो तो त्याच गावातला दुसरा. खाप्याहून बाबांचाही फोन आला, "काहून हात जोडून राहिला होता गा? देऊळ होतं काय तिथं?"

मीही हसलो, पण तेव्हापासून डोक्यात नुसता गोंधळ आहे. गोवा, कोलकाता, लुधियाना, शिलाँग, आता हे कोझिकोड. एकानं सोडलं की दुसऱ्यानं धरलं. प्रत्येक ठिकाणी पहिल्याच दिवशी पत्रकारांना सांगायचो, हे माझं दुसरं घर. दुसरी घरं फार झाली गं.

दिवाळीत धरमपेठेत आलो तेव्हा किल्ली खिशात असून मी आपल्याच दाराची बेल वाजवली. गार्गीनं दार उघडलं आणि बापासाठी, पाहुण्यांना देतात तसं, ट्रेमधून पाणी आणलं. किती गुणाची पोर, असं तू म्हणालीस. मी पाणी प्यायलो आणि पेला कुठे ठेवू ते तुला विचारलं. वाईट वाटलं होतं, सांगितलं नाही. तू माझ्यासाठी सांबारवडी केलीस, लाडही केलेस; पण माझ्यामुळे गार्गीला तुझ्याजवळून उठून हॉलमधल्या दिवाणावर झोपावं लागलं, तुमची सगळी घडी विस्कटली, हे दिसत होतं. तुम्हा दोघींचं माझ्याशिवाय छान चालतं. याचा आनंद मानावा की दुःख, तेच समजत नाही.

आता गुवाहाटीचा क्लब बोलावतोय, शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. नागपुरातल्या एका शाळेलाही फुटबॉलचा कोच हवाय. तुला विचारलं की तुझं ठरलेलं उत्तर, तुला बरं वाटेल ते कर. हे तू समजूतदारपणे म्हणतेस, की मी लांब असलेलाच बरा म्हणून, हे इतक्या वर्षांत मला उमगलेलं नाही.

मैदानात माझं तोंड पुढे असतं, पाठीमागचं काही दिसत नाही. मागून गोलकीपर ओरडतो, तेव्हा कळतं बॉल मारायचा की सोडायचा. त्या आवाजाच्या भरवशावर मी आजवर खेळलो. घराकडून मात्र मला कधी आवाजच आला नाही, आणि मीही कधी मागितला नाही. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे. शुक्रवारच्या आत मला ये म्हण, नाहीतर येऊ नकोस म्हण. मला बरं वाटेल ते करायला तेवढं सांगू नकोस.

तुझाच,
पियुष