तुझ्या आजीच्या दुखण्याविषयी जबानी

प्रिय टकळी,

लिहून देतो तो तुझा आजोबा, वय वर्षे एक्याऐंशी, शिक्षण चौथी उत्तीर्ण, रेल्वेतील निवृत्त सांधेवाला, बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकही ठपका नाही.

तुझा प्रबंध मान्य झाल्याचे कळताच मी नवा सदरा घालून चौकापर्यंत जाऊन आलो. शेजारच्या कंपाउंडरने खोचकपणे विचारले, की आजोबा, नातीच्या प्रबंधातला तो प्रथिन न बनवणारा आरएनए म्हणजे बिनकामाचाच ना? त्यास मी सुनावले, की मी जन्मात मालाचे एक पोते वाहिले नाही. परंतु मी सांधा बदलल्याशिवाय एकही गाडी आपल्या रुळावर गेली नाही. हा आरएनएही तसाच. कोणत्या जनुकाने काम करावे आणि कोणी थांबावे, यावर त्याचा हात असतो. तो हात चुकला, तर गर्भाशयाचे अस्तर नको तेथे रुजू शकते.

आता मुद्द्याचे. तुझ्या आजीचे गर्भाशय काढले, त्यास अडतीस वर्षे झाली. त्यापूर्वी दर महिन्यास चार दिवस ती स्वयंपाकघराच्या फरशीवर पाय पोटाशी घेऊन पडे. डॉक्टरांनी विचारले तिला. उत्तर दिले मी. बायकोच्या वतीने नवऱ्याने बोलावे, ही माझ्या घरची शिस्त. मी म्हणालो, हिला कामाचा कंटाळा आहे. तेच केसपेपरवर चढले आणि पुढे अकरा वर्षे प्रत्येक डॉक्टरने तेच वाचले. अखेर रक्तस्राव आटोक्यात येईना, म्हणून शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या गर्भाशयाच्या तपासणीतही 'रोग नाही' असाच शेरा आला, आणि मी ताठ मानेने घरी आलो.

त्या गर्भाशयाचा रुग्णालयाने तपासणीसाठी मेणात जपलेला तुकडा तू आजीच्या संमतीने तपासलास. त्यातील आरएनएचा नमुना अस्तर नको तेथे रुजलेल्या स्त्रियांच्या नमुन्याशी जुळला. म्हणून तुम्ही पुन्हा काप घेतले, तर अस्तर स्नायूंत खोलवर रुतलेले दिसले. तू हे फोनवर सांगितलेस तेव्हा आजी इतकी हसली, की तिचा चष्मा खाली पडला. मला म्हणाली, "ऐकलंत का? माझा कंटाळा मेणात सापडला!"

सबब हे पत्र. माझे ते विधान खोटे होते. ते मी मागे घेतो. तिला दुखत होते. हा कागद तिच्या जुन्या केसपेपरला जोडावा, आणि पहिल्या पानावर जोडावा.

तुझाच,
आजोबा

समक्ष हजर: तुझी आई, जिने मसुद्यातील 'कदाचित' हा शब्द खोडावयास लावला, वर उल्लेखिलेला कंपाउंडर, आणि खुद्द तुझी आजी. तिने मात्र साक्षीदारांच्या ओळीत सही करण्यास साफ नकार दिला, माझ्या हातून लेखणी घेतली, आणि समासात 'फिर्यादी' असे लिहून त्याखाली सही केली आहे.